काठोकाठ मिस्त्री आणि दुपारची गळती

माझे साडू टाक्यांचे मिस्त्री. पाण्याच्या टाक्या बांधण्यात त्यांचा जन्म गेला. छपरावरच्या, जमिनीखालच्या, कारखान्यातल्या, दवाखान्यातल्या. काम झालं की बाकीचे मिस्त्री हातपाय धुऊन घरी जातात. हे जायचे नाहीत. टाकी काठोकाठ भरायचे, काठावर खडूने रेघ मारायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवर दिसलं तरच थापी धुवायचे. अर्धी भरून तपासलेली टाकी त्यांच्या लेखी तपासलेलीच नसे.

"अर्ध्याला काय, अर्धं पाणी फुटका माठसुद्धा धरतो," असं म्हणायचे.

त्यावरून सगळे त्यांना काठोकाठ मिस्त्री म्हणू लागले. तोंडावर नुसतं मिस्त्री.

मी पाइपफिटर. ते भिंतीचे, मी नळाचा. टाकी गळाली की ते म्हणायचे पाइप, मी म्हणायचो भिंत. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे कामावरचं भांडण घरी यायचं आणि ताटावर बसल्यावर मिटायचं. ते वयाने मोठे. मला फिटर म्हणतात, अरेतुरे करतात. मी त्यांना अहोजाहो करतो, पण ऐकतो असं नाही.

माणूस कामाला खरा. घमेली वाहून उजवा खांदा डाव्याच्या खाली उतरलाय. काम चालू असताना कधी बसले नाहीत, कोणाला बसू दिलं नाही. बिडी नाही, तंबाखू नाही. चहा प्यायचे तोसुद्धा उभ्याने. एकदा एका मजुराने विचारलं, मिस्त्री, बसून प्यायला तर काय होईल? म्हणाले, "उठावं लागेल." एवढ्या टाक्या बांधल्या, पण पोहता येत नाही. पाणी भरल्यावर टाकीत उतरायचं कारणच काय, असा त्यांचा सवाल.

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला गेले. मुलगा कचेरीत, सूनही कचेरीत. मुलाने घर घेतलं त्याच्या मागच्या अंगणात आधीच्या मालकाने खणलेला पोहण्याचा तलाव होता. लहानसा. दोन खोल्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा व्हावी तेवढा. खोली छातीपर्यंत. कोरडा पडलेला, फरश्या निघालेल्या, तळाला पाला. मुलगा त्याला पूल म्हणायचा, मिस्त्री हौद म्हणायचे. त्यांनी बघितला, एक फरशी बोटाने वाजवली आणि म्हणाले, "हे बांधणाऱ्याला समोर आणा."

तो कुठे मिळणार. मग स्वतःच लागले. सगळा जुना गिलावा खरवडून काढला. नवा दोन थरांत चढवला. प्रत्येक टाइल बोटाने वाजवून बघितली. पोकळ वाजली ती उखडली. मी मदतीला जायचो. मदत म्हणजे मी लावलेलं ते काढायचे, पुन्हा लावायचे, आणि बरं लावलंस म्हणायचे. शेवटी पाणी भरलं. काठोकाठ, हे सांगायला नको.

काठाच्या जरा खाली, टाइल्सच्या पहिल्याच ओळीत एक भोक आहे. पाणी जास्त झालं की त्यातून पाइपने पंपाच्या खोलीत येतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून गटारात जातं. मिस्त्री रोज सकाळी पाणी त्या भोकाच्या खालच्या कडेला टेकवायचे. वर गेलं तर वाया, खाली राहिलं तर अपुरं. डोळा पाण्याला लावून बघायचे आणि मग नळ बंद करायचे. हात इतका सरावलेला की एक थेंब पलीकडे जात नसे.

हा हौद कामाला आला तो माझ्या मेहुणीच्या. मिस्त्रींच्या बायकोच्या. मी तिला ताई म्हणतो. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले. काठी टेकत स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत यायची आणि तिथेच धापा टाकत बसायची. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. पाण्यात वजन कळत नाही. मुलगा म्हणाला, घरचाच पूल आहे, आई, उतर की. फक्त बाहेरच्या कोणाला बोलवायचं नाही, पाणी खराब होतं. घरातले चौघेच. मिस्त्री त्याच्याही पुढचे. पायरीशी त्यांनी बादली आणि ब्रश ठेवला. पाय घासून उतरायचं. निघताना अंगावरचा गाऊन पायरीवर उभं राहून पिळायचा, म्हणजे पाणी हौदाचं हौदात.

ताईने एकच अट घातली. "मी पाण्यात असताना तुम्ही काठावर उभं राहायचं नाही. तुम्ही सूचना देता. माझा पाय चुकतो."

मग दुपारी ताई पाण्यात आणि मिस्त्री माझ्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात, असा क्रम ठरला. दुकानदार आमचा जुना ओळखीचा. आम्हाला दोन स्टुलं द्यायचा. मिस्त्री गिऱ्हाइकाच्या हातातला नळ बघून सांगायचे, हा घेऊ नका, हा वर्षात रडेल. दुकानदाराने आम्हाला अजून बाहेर कसं काढलं नाही, कळत नाही.

महिन्याभरात ताईची काठी सुटली. कपाटामागे गेली. ताई कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एकटी जाऊन यायला लागली. आणि मग हौद गळायला लागला.

एके दिवशी सकाळी मिस्त्री गेले तर पाणी भोकाच्या दोन बोटं खाली. त्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी परत दोन बोटं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. चप्पल पायातच, आत आले नाहीत.

"फिटर, पाइप बघायला चल."

"काय झालं?"

"हौद गळतोय."

"मग भिंत बघा."

"भिंत मी बांधलीय," ते म्हणाले. मी पान्यांची पेटी उचलली.

त्याच आठवड्यात सुनेला स्वयंपाकघराच्या भिंतीत एक भेग दिसली. केसाएवढी. पण ती भिंत हौदाच्या बाजूची. मुलगा घाबरला. त्याचंही चुकलं नाही. घराच्या पायात रोज एवढं पाणी जात असेल तर उद्या काय होईल, सांगता येत नाही.

"बाबा, कुठेतरी पाणी मुरतंय," तो म्हणाला.

"माझ्या हौदात मुरत नाही."

"मग जातं कुठे? उडून?"

"थोडं उडतंच."

"रोज दोन बोटं? बाबा, पूल आहे की चहाचं पातेलं?"

शेवटी तो म्हणाला, दोन आठवडे बघू. गळती सापडली तर ठीक. नाहीतर माती टाकून बुजवू, वर झाडं लावू. दुसऱ्या दिवशी मातीवाला येऊन बघूनही गेला. हौदाच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "सकाळी सुरू केलं तर संध्याकाळी सपाट." मिस्त्री त्याच्याकडे असे बघत होते की मी दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

मी परत निघालो तेव्हा ताई कपाटामागून काठी काढून फडक्याने पुसत होती.

"कशाला काढलीस?" मी विचारलं.

"लागेल," ती म्हणाली. टोकाचं रबर दाबून बघितलं आणि काठी दाराशी उभी केली.

मग आम्ही शोधायला लागलो.

आधी माझा पाइप. मी एक एक लाइन बंद केली, हातपंपाने दाब भरला, गेज लावून बसलो. काटा हलला नाही. दोन्ही लाइन्स तशाच. मी म्हणालो, "पाइप नाही."

मिस्त्रींनी गेजवर टिचकी मारली. "गेज बिघडलंय."

दुसरं गेज आणलं. त्याचाही काटा हलला नाही. मिस्त्री म्हणाले, "एकाच दुकानातली आहेत दोन्ही."

मग बादली. हे सोपं असतं. बादलीत हौदाचंच पाणी घ्यायचं, हौदाच्या पायरीवर ठेवायची, आत पाणी किती आणि बाहेर किती त्याच्या रेघा मारायच्या. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पितं. दोन्ही सारखं उतरलं तर उन्हाचं काम. हौद जास्त उतरला तर गळती. सकाळी बादली ठेवली. संध्याकाळी बादलीतलं पाणी जेमतेम रेघेखाली, हौदातलं दोन बोटं खाली. आणि बादलीची कडी सकाळी डावीकडे होती ती उजवीकडे.

"हिला कोणी हात लावला?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझा पाय लागला असेल चालताना," ताई आतून म्हणाली.

"पाय लागून कडी फिरते?"

"तुम्ही बादलीची चौकशी करा, मी आहे इथे बसलेली," ताई म्हणाली.

नंतर रंग. शांत पाण्यात पिचकारीने लाल रंगाचा थेंब सोडायचा. जिथे फट असेल तिथे तो ओढला जातो. मिस्त्री काठावर पालथे पडले आणि एकेक सांधा बघितला. दिव्याभोवती, तळाच्या जाळीभोवती, कोपऱ्यांत. रंग जिथे सोडला तिथेच लोंबकळत राहिला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटावर टाइल्सचे चौकोन उमटले होते.

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीलगत खणायला घेतलं. मला कुदळ दिली नाही. म्हणाले, तू हळू खणतोस. वय विसरून गुडघ्याएवढं खणलं. तळाची माती मुठीत घेतली, तशीच आत गेले आणि मुलाच्या पुढ्यात ठेवली. मुलगा जेवत होता.

"बाबा, ते ताट आहे!" सून ओरडली.

"कोरडी आहे," मिस्त्री म्हणाले. "हात लावून बघ."

"आज कोरडी आहे," मुलगा म्हणाला. त्याने ताट सरकवलं. मला वाटलं तो चिडेल. पण तो नुसता दमलेला दिसत होता. "बाबा, तुम्ही आता सोडा ना. तुमचं काम चांगलंच आहे. जमीन खचली असेल खाली. कोणाचाच दोष नाही."

मिस्त्रींना हे जास्त लागलं. दोष दिला असता तर भांडता आलं असतं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही आता सकाळ-संध्याकाळ रेघ बघत होतो. संध्याकाळी जिथे पाणी असे, सकाळीही तिथेच असे. रात्री काही जात नव्हतं. जे जायचं ते दिवसा. आणि रविवारी तर काहीच गेलं नाही. संध्याकाळी पाणी भोकाला टेकलेलं, जसंच्या तसं.

मुलगा रविवारचा घरीच होता. त्याने ऐकलं आणि पहिल्यांदा हसला. "म्हणजे कचेरीच्या वेळेत गळतो. रविवारी सुट्टी. पेन्शनही लागेल त्याला."

मिस्त्री हसले नाहीत. बाहेर येऊन मला म्हणाले, "भेगेला रविवार कळत नाही. माणसाला कळतो. कोणीतरी पाणी चोरतंय."

"कोण?"

"शेजारचा माळी. त्याच्या वाफ्यातली भोपळ्याची वेल बघितलीस का? एवढी हिरवी प्रामाणिक पाण्यावर होत नाही."

ठरलं. सोमवारी दुपारी नेहमीसारखं निघायचं, कोपऱ्यावरून वळायचं, मागच्या फाटकाने आत यायचं आणि पंपाच्या खोलीत दडून बसायचं. माळ्याने नळी टाकली की धरायचा. मिस्त्रींनी ताईलाही सांगितलं नाही. म्हणाले, ती मायाळू आहे, माळ्याला सावध करेल. मीही घरी बोललो नाही. माझी बायको रोज दुपारी ताईच्या पायाला तेल चोळायला जायची. बहिणीबहिणींत गोष्टी राहत नाहीत.

निघताना ताईने नेहमीप्रमाणे घाई केली. "जा ना हो, फिटरभाऊ ताटकळले असतील."

मी दारातच उभा होतो. "हे काय, आलोच आहे," मी म्हणालो.

"मग जा दोघं," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पंपाची खोली म्हणजे पत्र्याचं कपाटच. एक पंप, एक फिल्टर, पाण्यात टाकायच्या औषधाचं पिंप. उरलेल्या जागेत एक माणूस मावावा. आम्ही दोघं. मिस्त्री पालथ्या बादलीवर, मी पिंपावर. पायाशी तो ओव्हरफ्लोचा पाइप, कोरडा ठणठणीत, आणि त्याच्याखाली जाळी. पत्रा तापलेला. माझ्या हातात मोठा पाना. माळी तसा हाडकुळा माणूस, पान्याची गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने जाणं बरं दिसलं नसतं.

थोड्या वेळाने फाटक वाजलं. मिस्त्रींनी माझा गुडघा दाबला.

पावलं आली. एकट्याची नव्हती. मग बांगड्या वाजल्या.

"पाय घासा गं नीट," ताईचा आवाज आला. "ह्यांना टाइलवरचा डागसुद्धा ओळखू येतो कोणाचा आहे तो."

"घासले. आता कातडी निघेल." हा शिवणकाम करणाऱ्या बाईंचा आवाज. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मिस्त्री उठायला गेले. मी त्यांना खाली ओढलं. बाहेर बायका गाऊन घालून पाण्यात उतरत होत्या. दार उघडून दोन म्हातारे पाना घेऊन बाहेर आले असते तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. दाराला फट होती. दोघांनीही तिकडे पाठ केली.

पाण्यात कोणीतरी उतरलं. पायाशी पाइप ठिबकला. एक थेंब, दोन थेंब, मग बारीक धार.

मिस्त्री पाइपकडे बघू लागले.

दुसरी उतरली. धार बोटाएवढी झाली. तिसरी उतरली, पाइप गुळगुळला.

"ताई, हात दे गं. पायरी शेवाळलीय का?"

तो आवाज माझ्या बायकोचा होता.

मिस्त्रींनी पाइपवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी पाना खाली ठेवला.

"तेल," मिस्त्री पुटपुटले. "तेल चोळायला येते म्हणे."

"पायरी शेवाळलेली नाही," ताई बाहेर सांगत होती. "ह्यांच्या हौदात शेवाळ यायला घाबरतं. विहीणबाई, या आता."

सुनेची आई! दोन गल्ल्या सोडून राहतात. भारदस्त बाई. आमच्या घरी आल्या तर खुर्ची दोनदा तपासून बसतात.

"मी आपली शेवटी उतरते," विहीणबाई म्हणाल्या. "मी उतरले की लाट येते."

उतरल्या. पाइप घशातल्यासारखा आवाज करून भळाभळा वाहायला लागला. जाळीला एवढं पाणी घेता येईना. ते खोलीत पसरलं, आमच्या चपलांपर्यंत आलं. आम्ही दोघांनी पाय वर घेतले. मिस्त्री बादलीवर, मी पिंपावर, दोघं पाय वर करून बसलेले, आणि मध्ये हौदाचं पाणी गटारात चाललेलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. अर्धा राग होता. अर्धं काहीतरी वेगळं. भिंत गळत नव्हती.

बाहेर चक्कर सुरू झाली. बायका एकीमागे एक पाण्यात गोल चालत होत्या. पाण्याचा आवाज यायचा आणि मध्येच बोलणं.

"तुमच्या मुलीला कळलं तर काय हो, विहीणबाई?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

"तिला चालायला मी शिकवलं. मी कुठे चालते ते तिला कशाला सांगू?"

हशा झाला. मग ताई म्हणाली, "चाला पोटभर. पुढच्या आठवड्यात बुजवतात."

पाण्याचा आवाज थांबला.

"सापडलं नाही का अजून?" माझी बायको म्हणाली.

"नाही. हे रोज पालथे पडून शोधतात. रात्री कूस वळवताना कण्हतात. पण सापडत नाही."

"मला विचाराल तर मिस्त्री फार घासतात," विहीणबाई म्हणाल्या. "झिजला असेल."

"ताई, दाजींना सांगून टाक ना, आम्ही येतो म्हणून," माझी बायको म्हणाली. "एवढे डोळे आहेत आमचे. आम्हीही शोधू लागू."

"सांगितलं की तुमचं येणं बंद. ह्यांचं काय, नि मुलाचं काय, नियम म्हणजे नियम. आणि तुम्ही नाही आलात तर मी उतरत नाही." ताई थांबली. मग हळू बोलली, पण पत्र्याची खोली, सगळं ऐकू आलं. "पहिल्या दिवशी एकटी उतरले होते. पाणी छातीला लागलं आणि जीव गळ्याशी आला. काठ धरून उभी राहिले तेवढा वेळ. एक पाऊल टाकलं नाही. ह्यांना सांगितलं, चालले. एवढी मेहनत केलेली माणसाने, काय सांगणार? दुसऱ्या दिवशी धाकटीला बोलावलं. तुम्ही दोघी आलात महिन्याने. पुढे कोणीतरी चालत असलं की पाय उचलतो. एकटीचा उचलत नाही."

मग विहीणबाई म्हणाल्या, "चला, चला. उभं राहिलं की गार लागतं." आणि पुन्हा पाणी खळबळलं.

मिस्त्रींनी पाइपकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. तोवर वाहणं थांबलं होतं. जेवढं जायचं तेवढं गेलं होतं.

बायका निघाल्या. पायरीवर उभं राहून प्रत्येकीने गाऊन पिळला, तो आवाज आला. नियम पाळत होत्या. फाटक वाजलं, घराचं दार वाजलं, मगच आम्ही बाहेर आलो. घामाने निथळत होतो. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हेच दोघं पोहून आले.

मिस्त्रींनी भोकाखाली बोटं लावली. दोन बोटं, बरोबर.

"भिंत नाही," ते म्हणाले.

"पाइपही नाही," मी म्हणालो.

"हं."

त्यांना समजलं होतं, पण समजून काय? मुलाला सांगावं तर बायका बंद. बायका बंद म्हणजे ताई बंद. न सांगावं तर मातीवाला. आम्ही दुकानात गेलो आणि स्टुलांवर बसलो. एक गिऱ्हाईक हलका नळ घेऊन गेलं, मिस्त्री काही बोलले नाहीत. दुकानदार घाबरला. मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी म्हणालो, "मिस्त्री, उपाय सोपा आहे. पाणी कमी भरा. भोकाच्या तीन-चार बोटं खाली ठेवा. मग कितीही जणी उतरल्या तरी चढून भोकापर्यंत येईल, बाहेर जाणार नाही."

"कमी भरू?"

"हो."

"म्हणजे अपुरं ठेवू? मी?"

मी गप्प बसलो. बरेच दिवस जड सामान उचलल्यावर शिकलेली गोष्ट आहे. ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर चढत असताना मध्ये बोलायचं नसतं, तोल जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मिस्त्री हौदाशी उभे होते. पाणी उतरवायचा व्हॉल्व्ह उघडलेला. पाणी खाली चाललं होतं आणि ते त्याकडे पाठ करून उभे होते. मला म्हणाले, "झालं की सांग." चार बोटं उतरल्यावर मी सांगितलं. त्यांनी न बघता व्हॉल्व्ह बंद केला. मग बघितलं. तोंड असं केलं की कडू औषध घेतलंय.

त्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात गेलो. बायका येऊन गेल्या. संध्याकाळी पाणी सकाळच्या रेघेवर होतं. पुढच्या दिवशीही. त्याच्या पुढच्याही. मिस्त्री भिंतीतली भेग खरवडून बघत होते. ती वरच्या जुन्या गिलाव्याचीच निघाली, विटेपर्यंत गेलेलीच नव्हती. त्यांनी ती भरून टाकली.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला मीही होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, मातीवाल्याचा फोन आला होता. सोमवारी येऊ का म्हणत होता."

"नको म्हणावं. गळती थांबलीय. जा, रेघ बघून ये."

मुलगा गेला, बॅटरी घेऊन बघून आला. "खरंच की. काय होतं?"

मिस्त्री खोटं बोलत नाहीत. बोलता येत नाही. एकदा एका मालकाला आलेलं सिमेंट आलं नाही असं सांगायचं होतं, तर सांगता सांगता कान लाल झाले होते. मी ताटात बघत बसलो. ताई पोळी वाढता वाढता थांबली.

"पाणी मीच घालवत होतो," मिस्त्री म्हणाले. "नको तितकं भरत होतो. माणूस उतरलं की चढून भोकातून बाहेर. माझी चूक."

सुनेच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. ह्या घरात ते शब्द त्या तोंडातून कोणी ऐकले नव्हते. मुलगाच ओशाळला.

"अहो, चूक कसली. पण आई एकटी उतरते, बाबा. आईच्या अंगाने दोन बोटं? ती आहे चिमणीएवढी."

ताईने पोळी माझ्या ताटाबाहेर ठेवली. मिस्त्रींचे कान लाल व्हायला लागले होते.

तेवढ्यात सून म्हणाली, "सापडलं ना? मग आता हिशेब कशाला हवाय?" तिने भाजी मुलाच्या ताटात वाढली, जरा जास्तच. "तुम्ही जेवा. आणि मातीवाल्याला फोन करा. माझ्या आईचे गुडघेसुद्धा हल्ली बरे आहेत, कशाने कोण जाणे. उगाच घरात बदल नकोत."

मुलाने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, बापाच्या कानांकडे बघितलं. मग पोळीचा तुकडा मोडला. "बरं," एवढंच म्हणाला.

जेवण झाल्यावर ताईने मिस्त्रींना पाणी दिलं. तांब्या त्यांच्या हातात देऊनच सोडला. एरवी ती टेबलावर ठेवून जाते.

आता सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि कोणी काही म्हणत नाही. दुपारी आम्ही दुकानात असतो. माझी बायको अजूनही तेल चोळायला जाते. मी विचारतो, तेल संपलं का? ती म्हणते, तुम्हाला काय करायचंय.

परवा सकाळी मी तिथे चहाला होतो. मिस्त्री उभ्याने पीत होते. ताई मटार सोलत होती. सोलता सोलता कोणाकडे न बघता म्हणाली, "पोस्टातल्या त्या बाई भेटल्या होत्या. त्यांचेही गुडघे फार दुखतात म्हणे."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

"अंगाने कशा आहेत?"

"अहो! शोभतं का परक्या बाईबद्दल असं विचारणं?"

"पाण्याचं विचारतोय."

ताईने एक शेंग सोलली, दाणे बघितले, विचार केला.

"विहीणबाईंच्या पुढे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी चहा तसाच सोडला आणि व्हॉल्व्ह उघडायला गेले.